चार तारांचं बिऱ्हाड

आपल्याकडे वाद्य घरात आणणं हा जवळजवळ घर बांधण्यासारखाच प्रकार असतो. पेटी घ्यायची म्हटलं की ती ठेवायची कुठे हे आधी ठरतं. तंबोरा आला की त्याला कोपरा लागतो, गवसणी लागते, पावसाळ्यात त्याच्याकडे बघणारं माणूस लागतं. तबल्याची जोडी एक वेळ कपाटावर चढते, घुमट खुंटीला अडकतं. पण एकूण काय, वाद्य घरात राहतं आणि माणसं बाहेर जातात. शिकायला, नोकरीला, लग्न होऊन सासरी. मग मागे राहिलेल्या पेटीवर आधी कापड येतं, कापडावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो, आणि पाच-सात वर्षांनी कुणीतरी झाकण उघडून बघतं तर भाता फाटलेला. फोंडा-डिचोलीकडच्या कितीतरी घरांत हे असंच झालेलं मी पाहिलं आहे. मागच्या वर्षी उचगावात ते होता होता राहिलं. त्याला कारण झालं युकुलेले नावाचं एक चिमुकलं वाद्य. त्याचीच ही हकीकत.

उचगाव म्हणजे कुठलं, ते आधी सांगतो. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालं की हिंडलगा, सुळगा मागे टाकून उचगावचा फाटा लागतो. शहरापासून दहा-बारा किलोमीटर. तसंच पुढे गेलं की थोड्या वेळात महाराष्ट्राची हद्द आणि चंदगड तालुका. मळेकरणी देवीचं गाव म्हणून ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, आणि मराठी साहित्य संमेलन भरवणारं गाव म्हणून आम्हा लिहिणाऱ्या मंडळींना माहीत आहे. भात, बटाटा, रताळी हे शिवार. आपल्याला बेळगाव ठाऊक असतं ते भाजीसाठी, कुंद्यासाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी. त्या बेळगावच्या पश्चिमेला अशी गावं आहेत की जिथे हिवाळा सरला की ज्ञानेश्वरीच्या पारायणाचा सप्ताह बसतो आणि रात्रभर टाळ थांबत नाही, हे बस्ता बांधायला आलेल्या माणसाला कळायचं कारण नाही.

माझी मावसबहीण या गावात दिली आहे. तिचे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, गेली चाळीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे, बोटं थरथरतात, पण सूर अजून तिखट. त्यांच्या पेटीशेजारी बसून माझी भाची वाढली. ती शिकली नर्सिंग, आणि गेल्या वर्षी तिला पुण्याच्या एका इस्पितळात नोकरी लागली. राहायला हॉस्टेल, खोलीत चौघी जणी, प्रत्येकीला एक खाट आणि एक कपाट.

आता घरातली अडचण अशी की अण्णांच्या चाली त्या घरात फक्त या मुलीला येतात. चाल म्हणजे अभंगाची चाल. अभंग गाथेत छापलेला असतो, तो कुठे जात नाही. पण काकड्याला हा अभंग कुठल्या वळणाने म्हणायचा, हरिपाठानंतरचा कुठल्या, गौळण कशी उचलायची, हे छापलेलं नसतं. अण्णा ते त्यांच्या आधीच्या पेटीवाल्याकडून शिकले, आणि नातीने ते अण्णांकडून उचललं. मुलगे शेतीत आणि नोकरीत, त्यांना टाळ धरण्यापुरता वेळ. सीमाभागातल्या मराठीचा विषय निघाला की १९५६ सालची राज्य पुनर्रचना निघते, मोर्चे निघतात, पाट्यांवरची भाषा निघते. तो लढा आपल्या जागी आहे. चाल मात्र कुठल्या पाटीवर लिहून ठेवता येत नाही. म्हणणारं माणूस थांबलं की ती थांबते, आणि त्याची बातमीही होत नाही.

भाची मला फोनवर म्हणाली, ''मामा, पेटी न्यायला होत नाही. खरं काहीतरी न्यायला पाहिजे. नाहीतर मी विसरतो सगळं.''

(गोव्यातल्या वाचकांसाठी: बेळगावकडे 'पण' म्हणायचं तिथे 'खरं' म्हणतात, आणि मुलीसुद्धा 'मी जातो, मी विसरतो' असंच बोलतात. कानाला सवय झाली की फार गोड वाटतं.)

मी म्हटलं, ''अगं, मोबाइलमध्ये तंबोरा असतो की आता. फुकट.'' आणि ते खरंच आहे. एके काळी गवयाला प्रवासात तंबोऱ्याची केवढी धास्ती असे. एसटीच्या टपावर टाकावा तर भोपळा फुटायचा, मांडीवर घ्यावा तर शेजारचा प्रवासी कुरकुरायचा. मिरजेच्या कारागिरांनी त्यावर छोटे प्रवासी तंबोरे बनवून पाहिले. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेवरच्या तंबोऱ्याचा मार्ग मोकळा केला. आणि आता तर तो खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसला. मग अडचण काय?

तिचं उत्तर मला अजून आठवतं. ''तंबोरा वाजतो आणि मी नुसतं ऐकत बसतो, मामा. हाताला काम नको काय?''

बरोबर होतं तिचं. पेटीवर चाल बसलेली असते ती नुसती गळ्यात नसते, बोटांतही असते. फोनला बोटं लागत नाहीत. बारा तासांची पाळी करून आलेली मुलगी फोन चालू करील आणि झोपी जाईल. हातात काहीतरी असलं तर निदान पाच मिनिटं बसेल.

तिने कुठल्यातरी व्हिडिओत युकुलेले पाहिली होती आणि त्यासाठी तीन हजार रुपये बाजूला काढले होते. आता कुठली घ्यायची हे मला विचारण्याचं कारण काय, तर मी गोव्याचा. सगळा गोवा गिटार गळ्यात अडकवूनच जन्माला येतो अशी बेळगाव भागात एक समजूत आहे. मी ती मोडायच्या भानगडीत पडलो नाही. वाचायला मात्र बसलो.

आणि बघा गंमत. या वाद्याचं आपल्याशी नातं निघालं. युकुलेलेचं गाव हवाई बेटं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती तिथली मूळची नव्हे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलू बंदराला लागलं. त्यात मदेरा बेटावरून निघालेले चारशेच्या वर पोर्तुगीज होते, उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी आणलेले. त्यांच्या सामानात एक चार तारांचं लहान वाद्य होतं, मदेरात त्याला माशेती किंवा ब्रागिन्या म्हणत. त्याच जहाजातून आलेल्या मानुएल नुनेश, ऑगुस्तो दियाश आणि जोझे दो एश्पिरितो सांतो या तिघा सुतारांनी पुढे होनोलुलूत दुकानं थाटली आणि तिथल्या कोआ लाकडाची वाद्यं घडवायला सुरुवात केली. हवाईचा राजा कालाकाउआ याला ती आवडली, त्याने दरबारात आणली. बोटं तारांवरून अशी टणाटण उडत की लोकांनी वाद्याचं नाव 'उडी मारणारी पिसू' ठेवलं असं सांगतात. तेच युकुलेले. १९१५ च्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ती अमेरिकेने ऐकली आणि मग जगभर झाली.

म्हणजे ज्या पोर्तुगिजांच्या मागोमाग आपल्याकडे व्हायोलीन आली, गिटार आली, पाद्रींच्या शाळांतून सोल्फेज आलं आणि मांडो उभा राहिला, त्यांच्याच एका गरीब बेटावरच्या मजुरांनी हे वाद्य पाठीवर टाकून अर्धं जग ओलांडलं. आपल्याकडे ते का रुजलं नाही कोण जाणे. बहुधा आपल्या घुमटाने आणि व्हायोलिनीने जागा आधीच धरली होती. पण मला या हकीकतीत महत्त्वाचं वाटलं ते निराळंच. हे वाद्य दिवाणखान्यासाठी जन्मलेलं नाही. घर सोडून कामाला निघालेल्या माणसाच्या बोचक्यात मावावं असंच त्याचं माप आहे. पुण्याच्या हॉस्टेलवर निघालेल्या नर्सला याहून जवळचं वाद्य कुठलं?

अण्णांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ''पावणं, आमची वीणा बी बहुधा चार तारांचीच असतीया. आन् ती आळंदीपास्नं पंढरपुरापतोर चालत जातीया.''

मी गप्पच झालो. खरंच की. वाद्य घरातून हलत नाही असं आपण म्हणतो ते बैठकीच्या वाद्याचं. वारकऱ्यांची वीणा गळ्यात पडते आणि अठरा-वीस दिवस पायी चालते. सप्ताहात तर ती जमिनीला टेकतच नाही. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिच्यावर कुणी राग वाजवत नाही. सूर धरायचा आणि गाणाऱ्याने गायचं, एवढंच तिचं काम. भाचीला हवं होतं ते हेच. हॉस्टेलच्या खाटेवर बसून धरता येईल अशी वीणा.

मग पुढचा प्रश्न आला, या वाद्यावर आपला सूर धरता येतो का? इथे एक फार सुंदर योग आहे. युकुलेलेच्या चार तारा नेहमीच्या पद्धतीने लावल्या तर त्या वरून खाली अशा येतात: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरा आणि म्हणून बघा. प, सा, ग, ध. म्हणजे भूपाचे पाचांतले चार स्वर मोकळ्या तारांवरच हजर! राहिला रिषभ, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर सापडतो. नुसता हात फिरवला तरी भूपाची सावली पडते. शिवाय पहिली तार दुसरीपेक्षा उंच असते. गिटारवाल्याला हे उलटं वाटतं, तंबोरा छेडलेल्याला वाटत नाही. आपल्या तंबोऱ्यातही प, सा, सा आणि मग खर्ज, असं सूर वरखाली फिरत येतात.

पण भाचीची पट्टी काळी पाच, पुष्कळ बायकांची असते तशी. त्यासाठी एक जुळणी कागदावर मांडून पाहिली आणि नंतर ती लागलीही. पहिली तार एक पूर्ण स्वर उतरवून पांढरी चारवर आणायची. दुसरी तशीच एक पूर्ण स्वर उतरवून खालच्या काळी पाचवर. तिसरी अर्धा स्वर चढवली की पांढरी चार, आणि चौथी अर्धा स्वर चढवली की वरची काळी पाच. झालं: प, सा, प, तार सा. दुसऱ्या तारेवर मिळतो तो नेमका तिच्या गळ्याचा मध्य षड्ज. मालकंसाच्या अंगाची चाल असेल तर पंचम चालत नाही; तेव्हा तिसरी तार मध्यमावर उतरवायची आणि पहिलीला हात लावायचा नाही, कारण इतकी उतरवली तर ती ढिली पडते. अण्णांसारख्या काळी एकच्या माणसाला तर पहिल्या दोन्ही तारा अर्धा-अर्धा स्वर चढवल्या की प आणि सा तयार.

आता खरेदीकडे येतो, कारण हे वाचून कुणाला घ्यावीशी वाटली तर उपयोग व्हावा.

युकुलेले मुख्यतः चार मापांत येते. सोप्रानो सर्वांत लहान, सुमारे ५३ सेंटिमीटर लांब. कॉन्सर्ट ५८ च्या आसपास. मग टेनर आणि बॅरिटोन, त्या प्रवासाला जरा मोठ्याच. प्रवासी म्हणून विकतात त्यांत दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणजे पातळ पोटाची लाकडी, बॅगेत कपड्यांच्या घडीत सरकणारी. दुसरी प्लास्टिकची किंवा कार्बनमिश्रित, जिला ऊन-पाऊस काही नाही. प्लास्टिक म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण ही कल्पनाही जुनी आहे. मारिओ माकाफेर्री या इटालियन कारागिराने १९४९ मध्ये अमेरिकेत प्लास्टिकची युकुलेले काढली आणि ती लाखोंनी खपली. आणि आपण गोंयकारांनी तरी नाक का मुरडावं? घोरपडीच्या कातड्याशिवाय घुमट कसलं, असं म्हणणारी माणसं आपणही पाहिली. वन्यजीव कायद्यामुळे घोरपड गेली, बकऱ्याचं कातडं आलं, आवाज थोडा बदलला, आणि त्याच घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. कातडं बदललं म्हणून आरत्या थांबल्या नाहीत.

किमतीचं म्हणाल तर आजच्या घडीला साधारण असं दिसतं. हजार-बाराशेच्या रंगीबेरंगी मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशा खेळणी असतात. दोन ते चार हजारांत प्लायची, पण वाजवण्याजोगी मिळू शकते. कार्बनमिश्रित आणि नावाजलेल्या प्रवासी वाद्यांचा भाव सहा-सात हजारांच्या पुढे सुरू होतो. काला, महालो, एन्या ही परदेशी नावं. काडेन्स, वॉल्ट ही इथली. अखंड लाकडाची महागडी वाद्यं आवाजाला चांगली, पण ती हवेने फुगतात-आकसतात. प्रवासाला आणि आपल्या पावसाला प्लायच बरी.

खेळणं आणि वाद्य यांत फरक कसा करायचा? चार गोष्टी बघायच्या. पहिली, खुंट्या: नुसत्या दाबून बसवलेल्या स्वस्त खुंट्या सरकतात आणि सूर उतरतो, दातेरी चाकाच्या खुंट्या घ्याव्यात. दुसरी, तारांची उंची: दांडीच्या टोकाशी तारा फार वर असतील तर पहिला पडदा दाबला की स्वर चढतो आणि बोटही दुखतं. तिसरी, पडद्यांची टोकं: दांडीच्या कडेने हात फिरवावा, कुठे टोचता कामा नये. चौथी आणि सर्वांत मोठी, बारावा पडदा. मोकळी तार छेडायची, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. बरोबर वरचा षड्ज मिळाला पाहिजे, केसभरही इकडेतिकडे नाही. चारही तारांवर. हे ज्या वाद्यात जमत नाही ते कितीही देखणं असलं तरी शिकणाऱ्याचा कान बिघडवतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. स्वस्त वाद्याचा खरा तोटा हाच.

मी मुद्दाम चोर्ला घाटाने बेळगावला गेलो. भाची आली होती, आणि अण्णाही आले होते, धोतर-टोपीत. दुकानदार पोरसवदा होता. फोनवर कन्नड, आमच्याशी मराठी, आणि माउथ ऑर्गन बघायला आलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका जवानाशी हिंदी, असं तिन्ही आघाड्यांवर लढत होता. त्याने अकराशेची निळी सोप्रानो पुढे केली, ''अक्का, ही जातंय बघा जास्त.'' अण्णा दुकानातल्या पेटीशी जाऊन बसले, काळी पाच दाबली आणि म्हणाले, ''लाव ह्येला.'' ती लागली. मग बारावा पडदा. अण्णांनी नुसती मान हलवली. निळी परत गेली.

मग अठ्ठावीसशेची कॉन्सर्ट निघाली. महोगनीच्या प्लायची, दातेरी खुंट्या, सोबत जाड गादीची पिशवी. मला सोप्रानोपेक्षा कॉन्सर्टच हवी होती, त्याला कारण होतं. आपल्याला दुसरी तार एक पूर्ण स्वर उतरवायची आहे. सोप्रानोची तार घोडीपासून टोकापर्यंत साधारण ३४ सेंटिमीटर, कॉन्सर्टची ३८. लांब तारेला त्याच स्वरासाठी जास्त ताण लागतो, म्हणून उतरवली तरी ती लोंबत नाही, सूर धरून राहते. पाच सेंटिमीटर जास्त लांबी बॅगेला जड नाही.

पण गंमत पुढेच झाली. बाराव्या पडद्याला अण्णांनी तीही नाकारली. दुकानदार म्हणाला, ''आज्जा, कंपनीचा माल आहे, सगळे एकसारखेच येतात.'' अण्णा म्हणाले, ''मग दुसरं काढ की.'' दुसरं निघालं. त्याची चौथी तार वर जाऊन बोलत होती. तिसरं निघालं. त्यात चारही तारा बाराव्या पडद्यावर स्वच्छ मिळाल्या. तीच कंपनी, तोच भाव, तीच खोकी, आणि तीन वाद्यांत एकच सुरात. दुकानदाराने फोनमधलं सूर दाखवणारं यंत्र लावून पाहिलं तर काटाही अण्णांच्याच बाजूने उभा! तेव्हापासून तो पोरगा त्यांच्याशी 'सर' म्हणून बोलायला लागला.

अण्णांनी मग भाचीला आमच्या जुळणीवर तारा छेडायला लावल्या आणि स्वतः हलक्या आवाजात आलाप घेतला. थांबून म्हणाले, ''आवाज ल्हान हाय पावणं, खरं खोटा न्हाई.''

आवाज लहान आहे हे खरंच. तंबोऱ्याची जवारी इथे नाही. छेडलेला स्वर चटकन विझतो, म्हणून सतत छेडत राहावं लागतं. मींड निघत नाही. पडदे पक्के, त्यामुळे सप्तकाचे बारा सारखे तुकडे, आणि पडद्यावरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते खो-खो हसले. पेटीलाही हेच ऐकावं लागलं होतं. याच कारणासाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते उघडायला १९७१ उजाडलं. पण त्या काळात गावोगावच्या देवळांत पेटी वाजतच होती, आणि याच बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) त्याच पेटीवर अशी साधना करत होते की मोठमोठे गवई साथीला त्यांना बसवून घेत. परदेशी पेटी अभंगाची झाली ती तिच्यातले दोष गेले म्हणून नव्हे. माणसांनी ती रोज वापरली म्हणून.

भाचीने अठ्ठावीसशे स्वतःच्या पाकिटातून मोजले. मी द्यायला गेलो तर म्हणाली, ''नको मामा, माझं मी घेतो.'' उरलेल्या दोनशेत तारांचा एक जादा संच आला. (नव्या नायलॉनच्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणत राहतात आणि सूर उतरत राहतो. तो वाद्याचा दोष नसतो, रोज लावत राहायचं. आणि बंद गाडीत उन्हात वाद्य ठेवायचं नाही, घोडीचा डिंक सुटतो.)

जायच्या आधी तीन आठवडे रोज संध्याकाळी आजोबा-नात बसली. तिने वहीत चालींची यादी केली. अभंगाची पहिली ओळ, पट्टी, कुठल्या रागाची छाया, आणि ती काकड्याची, हरिपाठाची की जागराची. त्रेसष्ट झाल्या. अण्णांना स्वतःलाही माहीत नव्हतं की आपल्यापाशी त्रेसष्ट आहेत.

आता सुट्टी मिळेल त्या रविवारी ती एक चाल म्हणून अण्णांना फोनवर पाठवते. मागे त्या चार तारा टुणटुणत असतात, कधी शेजारच्या खाटेवरची केरळची मुलगी ताल धरते. अण्णा ते दोनदा ऐकतात आणि उलट बोलून पाठवतात, ''अंतऱ्याला वर जास्त थांब. घाई कसली?'' आतापर्यंत एकोणीस झाल्या आहेत. सगळ्या होतील की नाही, आणि सगळ्या होईपर्यंत पलीकडून दुरुस्त करणारं माणूस असेल की नाही, हे कुणी सांगावं? शिवाय पंधरा माणसांचे टाळ, मृदंग, आणि चाल चढत जाऊन गजरात फुटते तेव्हाचं ते अंगावर येणं, हे काही त्या पिशवीत मावलेलं नाही. त्यासाठी सप्ताहाला गावीच यावं लागतं, आणि ती रजा टाकून आली होती. वीणेचा पहाटेचा पहारा तिनेच धरला होता, बहिणीने सांगितलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं कुणी बाहेरगावी निघालं असेल आणि त्याच्या गळ्यात काही असेल, मग ती आरती असो, मांडो असो की नाट्यपद, तर एखादं लहान वाद्य त्याच्या सामानात बसतं का ते बघा. युकुलेलेच पाहिजे असं नाही. पण घेणार असाल तर नुसतं चित्र बघून घरबसल्या मागवू नका. दुकानात जा, आणि बरोबर घरातलं गाणारं म्हातारं माणूस न्या. भाव तुम्ही करा. बारावा पडदा त्यांना ऐकू द्या.